सोंग की आजार? हिस्ट्रिऑनिक व्यक्तिमत्त्व विकार : ओळख आणि उपचार
(व्याख्यानाचा सारांश)



‘झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही,’ अशी म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. घरातील एखादी व्यक्ती लहानशा कारणावरून धाय मोकलून रडू लागली, चारचौघांत लक्ष आपल्याकडे वळावे म्हणून काहीबाही करू लागली, दुखणे वाढवून सांगू लागली, की हीच म्हण पुढे येते. ‘सोंगे करतो’, ‘नाटकी आहे’, ‘लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल’ असे शेरे मारून घर मोकळे होते. मात्र अशा घरात दहा-पंधरा वर्षे काढणाऱ्या पत्नीला, पतीला, आईला वा भावाला ठाऊक असते की ते आपोआप थांबत नाही. ज्याला सोंग म्हटले जाते, ते सोंग घेणाऱ्याच्याही हातात राहिलेले नसते. या अवस्थेला मानसोपचारशास्त्रात ‘हिस्ट्रिऑनिक व्यक्तिमत्त्व विकार’ असे नाव आहे. त्याची ओळख करून घेणे आणि त्यावरील उपचारांची दिशा पाहणे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

एक घर

विषय पुस्तकी राहू नये यासाठी एक घर डोळ्यांपुढे आणावे. हे घर कल्पित आहे, परंतु त्यातील एकही गोष्ट अनोळखी वाटणार नाही.

पिंपळीत राहणारे आणि बारामतीच्या पेठेत कापडाचे दुकान असलेले एक कुटुंब. थोरला भाऊ अबोल, हिशेबात चोख. धाकटा पस्तिशीचा, देखणा, बोलघेवडा. गिऱ्हाईक त्याच्यावर खूश. लग्नकार्यात तो असला की मंडपात जीव येतो. एकदा भेटलेल्या व्यापाऱ्याला तो दुसऱ्या दिवशी ‘माझा जिवलग मित्र’ म्हणतो आणि त्या मित्राने फोन उचलला नाही, की ‘जगात माणुसकीच उरली नाही’ म्हणून जेवणाचे ताट बाजूला सारतो. नवा कपडा, नवे घड्याळ, नवी गाडी यांकडे कोणी पाहिले नाही, तर त्याचा दिवस वाया जातो. कोणी एखादा धंदा सुचवावा आणि त्याने आठ दिवसांत त्यात पैसे गुंतवावेत, कोणी दुसरा सुचवला की पहिला विसरावा.

थोरल्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला. घरात सगळ्यांच्या तोंडी तिचेच नाव. समारंभाच्या आदल्या रात्री धाकट्याच्या छातीत कळ आली. धावपळ झाली, रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष निघाला. ‘काय होत होते?’ असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘काय सांगू साहेब, भयंकर! मरणच पाहिले!’ कळ कुठे होती, किती वेळ टिकली, हातात उतरली का, यांपैकी कशाचेच नेमके उत्तर त्याला देता आले नाही. घरी परतल्यावर थोरला रागाने म्हणाला, ‘पुरे झाली तुझी नाटके.’ त्यावर धाकटा म्हणाला, ‘मी नीरेच्या कालव्यात उडी घेतो, मग तुम्हाला माझी किंमत कळेल.’ पत्नी रात्रभर दाराशी बसून राहिली.

या एका रात्रीत या विकाराचे बहुतेक सारे प्रश्न सामावलेले आहेत. तो खोटे बोलत होता का? घरच्यांनी काय करायला हवे होते? कालव्याचे बोलणे धमकी समजायचे की धोका?

विकाराची ओळख

‘हिस्ट्रिओ’ म्हणजे लॅटिन भाषेत नट. या विकाराचे नाव त्यावरून पडले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत त्याची आठ लक्षणे दिली आहेत. आपण लक्षाच्या केंद्रस्थानी नसलो की अस्वस्थ होणे. इतरांशी वागताना प्रसंगाला न शोभणारी, मोहात पाडणारी वा चिथावणारी लगट करणे. भावना वेगाने पालटणे आणि त्या उथळ असणे. लक्ष वेधण्यासाठी रूप व पोशाख यांचा सतत आधार घेणे. बोलण्यात अतिशयोक्ती पुष्कळ आणि तपशील मात्र थोडा असणे. प्रत्येक भावनेचे नाट्य करणे. इतरांच्या वा परिस्थितीच्या प्रभावाखाली चटकन येणे. आणि नाती प्रत्यक्षात आहेत त्याहून अधिक जवळची समजणे. यांपैकी किमान पाच लक्षणे तारुण्याच्या प्रारंभापासून, वेगवेगळ्या प्रसंगांत आणि सातत्याने दिसली, तरच तज्ज्ञ या निदानाचा विचार करतात.

येथे ‘सातत्याने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एखाद्या दुःखद प्रसंगी मोठ्याने रडणारी व्यक्ती, वयात येताना आरशापुढे तासन्‌तास उभी राहणारी मुले-मुली, गणेशोत्सवात रंगमंच गाजवणारा तरुण यांपैकी कोणालाही हा विकार आहे असे म्हणता येत नाही. नट तोंडाचा रंग उतरवून घरी जातो, भाजी आणतो, मुलांचा अभ्यास घेतो. या विकारात मात्र रंग उतरवताच येत नाही. प्रेक्षक उठून गेले की आपण कोणीच नाही, अशी पोकळी जाणवते. वागण्यामुळे संसार, धंदा वा मैत्री मोडकळीस येत असेल, स्वतःला आणि भोवतालच्यांना दीर्घकाळ क्लेश होत असतील, तेव्हाच स्वभावाला विकार म्हणावे.

अचानक पालटलेला स्वभाव ही निराळी गोष्ट. आजवर शांत असलेला माणूस महिनाभरात अतिबोलका, उधळ्या आणि निद्राहीन झाला, तर तो द्विध्रुवीय विकारातील उन्मादाचा झटका असू शकतो. थायरॉइडचे दोष, मेंदूचे आजार, व्यसने यांनीही वागणे बदलते. म्हणून निदान घरच्यांनी वा शेजाऱ्यांनी करू नये. ते मानसोपचारतज्ज्ञाने, पूर्वेतिहास ऐकून आणि आवश्यक त्या तपासण्या करून करावयाचे असते.

एका शब्दाचा इतिहास

या विकाराचा इतिहास स्त्रियांवरील अन्यायाने डागाळलेला आहे. ‘हिस्टेरिया’ हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला. स्त्रीच्या असंख्य तक्रारींचे मूळ गर्भाशयात आहे, अशी प्राचीन ग्रीक वैद्यांची समजूत होती. सतराव्या शतकात इंग्लंडमधील वैद्य टॉमस सिडनहॅम यांनी अशा तक्रारी पुरुषांतही आढळतात असे नोंदवले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी त्यांचा अभ्यास केला. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि दडपलेल्या भावनांकडे वैद्यकाचे लक्ष गेले. अमेरिकन निदानपुस्तिकेने १९८० साली ‘हिस्टेरिकल’ हा शब्द वगळून ‘हिस्ट्रिऑनिक’ हा शब्द स्वीकारला.

शब्द बदलला तरी दृष्टी लगेच बदलली नाही. १९८९ साली फोर्ड आणि विडिगर या संशोधकांनी काही मानसशास्त्रज्ञांना रुग्णांची वर्णने वाचायला दिली. वर्णन तेच, फक्त कोठे रुग्ण स्त्री तर कोठे पुरुष. तरीही स्त्री म्हटल्यावर ‘हिस्ट्रिऑनिक’ हे निदान अधिक वेळा केले गेले. प्रशिक्षित तज्ज्ञांचे असे होते, तर सासर-माहेरच्या माणसांचे काय होत असेल? आपल्याकडे सुनेचे दुखणे ‘नखरे’ ठरते आणि मुलाचे तेच वागणे ‘तापट स्वभाव’ ठरते. म्हणूनच वरील घरात धाकटा भाऊ दाखवला आहे. हा विकार पुरुषांनाही होतो. केवळ त्यांच्याकडे पाहण्याचा चष्मा वेगळा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाचा अंमल १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाला. त्यात व्यक्तिमत्त्व विकारांची बहुतेक जुनी नावे काढून टाकली गेली. आता विकार सौम्य, मध्यम की तीव्र आहे हे आधी पाहायचे आणि मग स्वभावातील ठळक छटा नोंदवायच्या. माणसावर शिक्का मारण्याऐवजी त्याला किती त्रास आहे हे विचारावे, ही त्यामागची भूमिका.

अंगात येणे आणि हा विकार

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक पदर आहे. अंगात येणे, घुमणे, झपाटणे हे प्रकार खेडोपाडी दिसतात आणि सुशिक्षित मंडळी त्या साऱ्यांना सरसकट ‘हिस्टेरिया’ म्हणतात. हे बरोबर नाही. व्हिएडा स्कल्टन्स या संशोधिकेने महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात उपचारासाठी राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. आजारी मुलाला वा पतीला घेऊन आलेल्या स्त्रिया तेथे स्वतःच संचाराच्या अवस्थेत जात. घरच्या माणसाची पीडा आपल्यावर यावी, अशी त्यामागे त्यांची भावना असे. या वागण्याला लक्ष वेधण्याची हौस म्हणणे हा त्या मातांवर अन्याय ठरेल. ज्या स्त्रीला घरात बोलण्याची मुभा नसते, तिचे दुःख अनेकदा शरीराच्या वाटेने बाहेर पडते. व्यक्तिमत्त्व विकार ही आयुष्यभराची घडण असते, तर संचार हा एका प्रसंगापुरता असतो. दोहोंची कारणे आणि उपाय वेगळे.

मात्र दोन्हीही बाबतींत मारहाण, साखळदंड आणि भूत उतरवण्याचे अघोरी प्रकार हे गुन्हेच आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारणे हे त्या कायद्याने दंडनीय आहे.

हे का घडते?

या विकाराचे एकच एक कारण सापडलेले नाही. जन्मजात स्वभाव, आनुवंशिकता आणि बालपणीचे अनुभव यांची गुंफण त्यामागे असावी, असे तज्ज्ञ मानतात. बालपणाच्या बाबतीत एक वाट समजण्यासारखी आहे. शांतपणे खेळणाऱ्या मुलाकडे घरात कोणाचे लक्ष नाही. पण ते आजारी पडले, रडले, किंवा पाहुण्यांपुढे गाणे म्हटले, की सारे घर भोवती गोळा होते. मूल शिकते, ‘मी आहे तसा पुरेसा नाही, काही करून दाखवले तरच मी दिसतो.’ हा धडा मोठेपणीही पुसला जात नाही. पस्तिशीतला माणूस साखरपुड्याच्या रात्री त्याच धड्याने वागतो. छातीतली कळ त्याने ठरवून रचलेली नसते. दुर्लक्षाची भीती त्याच्या शरीरात खरोखरच उमटते.

उपचार

या विकारावर खास असे कोणतेही औषध नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. सोबत नैराश्य वा चिंता असेल तर डॉक्टर त्यासाठी औषधे देतात आणि ती आवश्यकही असतात. परंतु मुख्य उपचार म्हणजे मानसोपचार, अर्थात तज्ज्ञाशी ठरावीक वेळी, ठरावीक पद्धतीने, दीर्घकाळ होणारा संवाद. तो महिने आणि कधी वर्षे चालतो.

रुग्ण स्वतः क्वचितच ‘माझा स्वभाव बदला’ म्हणून येतो. तो येतो उदासीमुळे, मोडलेल्या नात्यामुळे, न सापडणाऱ्या दुखण्यामुळे. पहिल्या भेटीत तो डॉक्टरांना देवासमान मानतो आणि तिसऱ्या भेटीत वेळ अपुरी पडली म्हणून रुसतो. चांगला उपचारक ही दोन्ही टोके जाणून असतो. तो आपुलकी ठेवतो, पण वेळेच्या आणि वागण्याच्या मर्यादा ढळू देत नाही. आपण रुसलो तरी हा माणूस रागावला नाही आणि आपल्यासाठी नियमही मोडला नाही, हा रुग्णाच्या आयुष्यातील कदाचित पहिलाच अनुभव असतो. उपचाराची सुरुवात तेथून होते.

पुढचे काम तपशिलाचे. ‘भयंकर झाले’ या वाक्यावर न थांबता काय झाले, केव्हा, कोण काय म्हणाले, त्या क्षणी मनात कोणता विचार आला, हे सावकाश विचारले जाते. भावनेला नेमके नाव मिळाले की तिचा पूर ओसरतो. ‘सर्वांनी माझ्याकडे पाठ फिरवली’ या वाक्याच्या जागी ‘पुतणीच्या साखरपुड्यात मला काही काम दिले नाही, म्हणून मी दुखावलो’ हे वाक्य येते. पहिल्या वाक्यावर काही उपाय नाही, दुसऱ्यावर आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती येथे उपयोगी पडणारी आहे. माणसाला घटना जितकी त्रास देत नाही, तितका त्या घटनेविषयीचा त्याचा हट्टी विचार देतो, असे ही पद्धती सांगते. ‘लोकांनी माझे कौतुक करावे’ ही इच्छा झाली. ‘लोकांनी माझे कौतुक केलेच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल’ हा अट्टहास झाला. इच्छा सोडायची नसते, अट्टहास सोडायचा असतो. तो ‘च’ गळून पडला, की निराशा राहते, पण कोसळणे थांबते.

बालपणीच्या धड्यांपर्यंत पोहोचणारी ‘स्कीमा’ पद्धतीही वापरली जाते. २०१४ साली नेदरलँड्समध्ये व्यक्तिमत्त्व विकारांच्या ३२३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत या पद्धतीने बरे होणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांहून अधिक आढळले. त्या रुग्णांत हिस्ट्रिऑनिक विकाराचे थोडेच होते, हेही लक्षात ठेवावे. आशा धरावी, चमत्काराची अपेक्षा धरू नये.

घरच्यांनी काय करावे?

आता त्या रात्रीकडे पुन्हा वळू. थोरला भाऊ दुष्ट नव्हता, थकलेला होता. अशा घरांना काही गोष्टी सांगता येतील.

पहिली गोष्ट, शारीरिक तक्रार प्रत्येक वेळी तपासून घ्यावी. ज्याने दहा वेळा कळ सांगितली, त्याला अकराव्यांदा खरा हृदयविकार होऊ शकतो. आलेख निर्दोष निघाल्यावर ‘नाटक उघडे पडले’ असे न म्हणता ‘हृदय ठीक आहे, हे बरे झाले, मग त्रास कशाचा आहे ते पाहू’ असे म्हणावे.

दुसरी, वादळात वाद घालू नये. रडणे वा आदळआपट चालू असताना उपदेश निरुपयोगी. आवाज खाली ठेवून ‘तू शांत झालास की बसून बोलू’ एवढेच सांगावे आणि ठरल्या वेळी खरोखर बसावे. शब्द मोडू नये.

तिसरी, लक्ष शांततेच्या वेळी द्यावे. तो निमूटपणे दुकान आवरत असताना, मुलाला शाळेत सोडत असताना दोन आपुलकीचे शब्द बोलावेत. घरकार्यात नेमके, उपयोगी काम सोपवावे. काही करून न दाखवताही आपण दिसतो, हा नवा धडा घरच देऊ शकते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आत्महत्येचे बोलणे कधीही धमकी म्हणून सोडून देऊ नये. लक्ष वेधण्यासाठी उचललेले पाऊलही जिवावर बेतू शकते. अशा वेळी माणसाला एकटे ठेवू नये, शेतीची फवारणीची औषधे व गोळ्या कुलपात ठेवाव्यात, आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारावे आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. असे विचारल्याने विचार बळावतो, ही भीती निराधार आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते. २०१७ सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरतो आणि तिला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. म्हणून बदनामीच्या भयाने दार लावून घेऊ नये.

पाचवी, रात्रभर दाराशी बसलेल्या पत्नीचा विचार करावा. समजून घेणे म्हणजे सारे सोसणे असा अर्थ नाही. उधळपट्टीला, अपमानाला, मारहाणीला ‘नाही’ म्हणण्याचा तिला अधिकार आहे. सल्ला व आधार तिलाही हवा.

सहावी, ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा उपाय नाही. त्यात एका दुःखाची दोन होतात. आणि निदान झालेच, तर ते भांडणात शस्त्र म्हणून वापरू नये. ‘तू तर तसलाच’ या तीन शब्दांनी वर्षभराचा उपचार वाया जातो.

दारे जवळ आहेत

पूर्वी मानसोपचार म्हटले की पुण्याच्या येरवड्याचे नाव निघे आणि घर हादरून जाई. आता परिस्थिती बदलली आहे. बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवला जात आहे. केंद्रस्थानी राहण्याच्या धडपडीत थकलेल्या माणसाला रुग्णालयात डांबण्याची गरज बहुधा नसते. आठवड्यातून एकदा तासभर बोलायला जाणे पुरते. तो तास पिंपळीहून फार दूर नाही. अडसर अंतराचा नसून ‘लोक काय म्हणतील’ याचा आहे.

येथे समाजाचे आणि समाजसंस्थांचे काम सुरू होते. पन्नास वर्षांच्या वाटचालीत शिक्षणासाठी, औषधपाण्यासाठी, अडलेल्या कुटुंबांसाठी अनेक हात पुढे आले. त्याच मायेने मनाच्या आजारालाही औषधपाण्यात धरावे, नाव गुप्त राखून मदत करावी, वर्षातून एखादे शिबिर या विषयावर घ्यावे.

त्या कल्पित घरात पुढे काय घडले असेल? समजा, दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला भाऊ धाकट्याजवळ बसला आणि म्हणाला, ‘काल मी नाटक म्हणालो, ते चुकले. तुला त्रास होतो हे खरे आहे. आपण दोघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ.’ धाकटा एका दिवसात बदलणार नाही. पुढच्या लग्नातही तो मंडपाच्या मधोमधच उभा असेल, आणि तसा तो असायलाही हरकत नाही. त्याच्या उत्साहाने घराला शोभाच येते. पण कदाचित दोन-तीन वर्षांनी एखाद्या समारंभात तो कोपऱ्यात बसून दुसऱ्याचे कौतुक ऐकू शकेल, आणि घरी येऊन शांत झोपेल. त्या रात्री त्याच्या पत्नीला दाराशी बसावे लागणार नाही. एवढे साधले, तरी उपचार सार्थकी लागले.